थंडाईत काय घातलंय

"दूध," हिंदुराव वस्ताद म्हणाले. "म्हशीचं. बदाम. घरचं तूप. उन्हाळ्यात थंडाई. बास."

"ते खाण्यापिण्याचं झालं, काका," डॉक्टर केळुसकर मॅडम म्हणाल्या. "मी औषधाचं विचारतेय. गेल्या महिन्याभरात धैर्यशीलनं एखादी गोळी, इंजेक्शन, पावडर, काहीही घेतलंय का?"

झालं. कोल्हापुरात कुठल्याही वस्तादाला जे विचारू नये, तेच मॅडमनी दवाखान्याच्या भर व्हरांड्यात आख्ख्या तालमीदेखत विचारलं. बिचाऱ्या मालवणकडच्या, त्यांना काय ठाऊक. वस्ताद बाकावरनं उठून उभे राहिले. साठी उलटली होती तरी माणूस दारात उभा राहिला की उजेड कमी व्हायचा.

"बाई, तुमी नवीन दिसताय गावात," ते म्हणाले. "चाळीस वर्सं तालीम चालवतोय. माझ्या तालमीत सुई शिरली न्हाई, पुडी शिरली न्हाई. गोळीचा कण न्हाई. खोटं वाटत आसंल तर ह्या पोरास्नी इचारा."

पोरं मागं भिंतीला ओळीनं टेकून उभी होती. मॅडमनी त्यांच्याकडं पाहिलं. सगळ्यांनी एकदमच माना हलवल्या. न्हाई म्हणजे न्हाई.

मी बाजूला उभी होते, ड्यूटीवरनं थेट आलेली, खाकीतच. मी वैजयंता. तेव्हा एसटीत कंडक्टर होते, गारगोटीच्या गाडीवर. धैर्या माझा धाकटा भाऊ. आईवडील लवकर गेले, तेव्हा ह्याला मी जेवू घातलं आणि वस्तादांनी वाढवलं. मी दिलेली भाकरी आणि त्यांनी मारलेल्या थपडा, दोन्हींवर पोरगं दणकट झालं. यात्रेच्या मैदानात त्याची मोठी कुस्ती ठरली होती. आणि आता तेच पोरगं आत खाटेवर तापानं फणफणत पडलं होतं.

आता ह्या गोष्टीला बरीच वर्षं झाली, म्हणून हसत सांगते.

वस्तादांना एवढं झोंबलं का, तेही सांगते. त्या काळात काही ठिकाणी पोरं अंग फुगवायला कसली कसली इंजेक्शनं टोचून घ्यायची. 'टोचलेला पैलवान' ही शिवी आईबहिणीच्या शिवीपेक्षा वाईट. वस्तादांनी सख्ख्या भाच्याला तेवढ्यासाठी लंगोटासकट तालमीबाहेर काढला होता. त्यामुळं 'काही घेतलंय का' म्हटलं की तालमीच्या कानाला एकच ऐकू येणार, तुमचं पोरगं टोचलेलं आहे का. मग उत्तरही एकच.

मॅडमनी मला एकटीला खोलीत बोलावलं.

"वैजयंताताई, स्पष्ट बोलू?"

"बोला."

"डेंग्यू नाही, टायफॉइड नाही, कावीळ नाही. सगळं तपासून झालं. ताप उतरत नाही, प्लीहा सुजलीय, रक्तातल्या सगळ्या पेशी रोज कमी होताहेत. काल हाडातनं मज्जा काढून बघितली." त्यांनी फाईल मिटली. "रोगाशी लढणाऱ्या पेशी असतात ना आपल्या रक्तात, त्या पिसाळल्यात. समोर शत्रू नाही तरी लढताहेत. आपल्याच चांगल्या पेशी खाताहेत."

"म्हणजे तालमीतल्या तालमीतच जुंपलीय."

"तसंच. आणि पंचाच्या शिट्टीला कुणी विचारत नाही."

आजाराचं नाव त्यांनी सांगितलं. एवढं लांबलचक की माझ्या गाडीच्या पाटीवर मावलं नसतं. मला अजूनही नीट म्हणता येत नाही.

"कशानं होतं हे?"

"कधी जंतूंनी, कधी दुसऱ्या आजारानं. आणि फार क्वचित, लाखात एखाद्याला, अगदी साध्या औषधानंसुद्धा. तुम्ही आम्ही सर्दीखोकल्याला घेतो तसल्या. म्हणून खोदून विचारतेय. औषध असेल आणि ते पोटात जातच राहिलं, तर मी इकडं आग विझवणार आणि तिकडनं कुणीतरी लाकडं सारणार."

"आणि विझली नाही तर?"

मॅडमनी माझ्याकडं नीट बघितलं. वयानं माझ्यापेक्षा लहानच असतील. "तर आपल्याकडं फार वेळ नाही," म्हणाल्या.

मी टेबलाची कड धरली. घाटात गाडीचा ब्रेक गेला होता एकदा, तेव्हाही दांडा इतका घट्ट धरला नव्हता.

रक्त लागणार होतं. प्लेटलेट लागणार होत्या. हे बाहेर सांगायची खोटी, तालमीत हाणामारीची वेळ आली. पहिला मी, पहिला मी. जो तो बाही वर करून उभा. शेवटी वस्तादांनीच वजनाप्रमाणं ओळ लावली, जड आधी. सगळ्यात जड बंडा कुंभार. मैदानात ज्याला बघून समोरचा पैलवान पाणी प्यायला जायचा, तो. नर्सनं सुई नुसती बाहेर काढली आणि बंडा खुर्चीतनं सरळ जमिनीवर.

"ह्याला उचलणार कोण?" नर्स म्हणाली.

"थांबा बाई," असं म्हणत चौघांनी त्याला कुस्तीत पाय धरून पट काढतात तसा असा काही उचलला की शेजारच्या वॉर्डातले पेशंट बघायला आले. त्या दिवसांत दवाखान्यात एवढं हसले की नंतर माझी मलाच लाज वाटायची. पण खरं सांगायचं तर ती पोरं नसती तर मी कुठंतरी कोपऱ्यात बसून नुसती रडत राहिले असते.

धैर्याला बाहेरचं काही द्यायचं नाही, असा हुकूम होता. उकळलेलं दूध तेवढं चालेल, असं मॅडम म्हणून गेल्या आणि तेवढ्या फटीतनं वस्तादांची थंडाई आत शिरली. सकाळी आणि दुपारी दोन्ही वेळा वस्ताद स्वतः घरी बदाम वाटणार, उकळत्या दुधात कालवणार, थर्मासमध्ये भरून आणणार आणि धैर्याच्या उशाशी उभं राहून पाजणार. नर्सनं विचारलं तर 'दूधच हाय.' आता दूध होतंच की त्यात.

त्या दुपारी मी गारगोटीहून आले ती उपाशी. सकाळपासनं घशाखाली घोट नव्हता. वॉर्डात शिरले तर धैर्या डोळे मिटून पडलेला, पेला अर्धा तसाच. वस्ताद खिडकीपाशी थर्मास पुसत होते.

"आज घेईना झालाय," ते म्हणाले. "दोन घोट घेतलं आन् पडला."

"टाकायचं कशाला मग," म्हटलं आणि पेला तोंडाला लावला.

वस्तादांनी हात पुढं केला, पण तोवर माझा एक मोठा घोट घेऊन झाला होता. वरनं बदाम, वेलदोडा, साखर, सगळं जागच्या जागी. आणि मग जिभेच्या मागं कडू. साधं कडू नाही, कडूझर.

"वस्ताद, हे कडू का लागतंय?"

"कडू बदाम आला आसंल एखादा."

आता बघा, माझा धंदा तिकिटाचा. गाडीत मी मागनं पुढं येत असते तेव्हा ज्यानं तिकीट काढलंय तो माझ्याकडं बघतो. ज्यानं नाही काढलं तो खिडकीबाहेर बघतो. दर वेळी. वस्ताद खिडकीबाहेर बघत होते आणि बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं, सायकलींचा स्टँड होता.

"चला जरा जिन्यात," मी म्हटलं. पेला हातातच ठेवला.

जिन्यात कुणी नव्हतं. मी म्हटलं, "उरलेलं मॅडमना तपासायला देते. कडू बदाम असला तर कळेल."

"वैजू, दे तो पेला हिकडं."

"काय आहे त्यात?"

मग ते पायरीवरच बसले. मी त्यांना तालमीच्या ओट्याशिवाय कुठं असं खाली बसलेलं बघितलं नव्हतं.

"गळवाची गोळी हाय," ते म्हणाले.

"कसली?"

"त्याच्या पाठीवर गळू आलं हुतं, ठावं हाय न्हवं तुला? यात्रा तोंडावर. गळू आसलेल्या पैलवानाला मैदानात उतरवत न्हाईत. मला मागं डॉक्टरनं गळवासाठी सल्फाची गोळी दिलती, दोन दिसांत बरं वाटलं. तीच आनली दुकानातनं. आता समद्यांदेखत गोळी गिळताना दिसला तर बाकीची पोरं म्हनतील वस्ताद धैर्याला कायतरी देतोय. म्हनून वाटून घातली. त्यालाबी म्हाईत न्हाई."

"आणि ताप आल्यावर?"

"गळवाचाच ताप हाय म्हनून एकाच्या दोन केल्या."

मला असा संताप आला की त्यांची बंडी धरून हलवावी. माझ्या भावाला ह्यांनी उशाशी उभं राहून, तोंड पुसून, मायेनं पाजत पाजत मरणाच्या दारात नेला होता. आणि त्याच क्षणी मला त्यांची कीवही आली, कारण हातातला थर्मास ते अजून पुसतच होते. दोन्ही एकदम वाटतं माणसाला, काय करणार.

"मॅडमनी विचारलं तेव्हा का नाही बोलला?"

"त्या टोचायचं इचारत हुत्या."

"त्या गोळीचं विचारत होत्या, वस्ताद. साध्या गोळीचं."

"साध्या गोळीनं कुनी मरतंय व्हय?" त्यांनी माझ्याकडं बघितलं आणि माझं तोंड बघून त्यांना उत्तर मिळालं. मग हळूच म्हणाले, "सांगतो. पर पोरं भायेर बसल्यात. हिंदुराव खुराकात मिसळतो हे एकदा तोंडातनं गेलं की गोळी गळवाची हुती का कसली हे कोन इचारत न्हाई. चाळीस वर्सांची तालीम हाय पोरी. तू सांग. तू दिली म्हन."

दुसरं कुणी असतं तर मी फाडून खाल्लं असतं. पण मला घाई होती. आळ माझ्यावर आला काय नि कुणावर आला काय, मला धैर्या हवा होता.

"बरं," मी म्हटलं. "मी दिली. चला."

मॅडम व्हरांड्यातच होत्या, रक्ताच्या पिशव्यांचं काहीतरी नर्सला सांगत. पोरं बाकांवर, दंडाला कापसाचे बोळे लावून. मी सरळ जाऊन सांगितलं, "मॅडम, गळवासाठी गोळी घेतली होती त्यानं. मी दिली होती. माझ्या लक्षातच नव्हतं."

मॅडम एकदम सावध झाल्या. "कुठली?"

"सल्फाची."

"किती पॉवरची?"

गोळ्यांची पट्टी मी बघितलीही नव्हती.

"कधी सुरू केली? ताप येण्याआधी किती दिवस? दिवसातनं किती वेळा? शेवटची कधी दिली?"

आता काय सांगणार? खोटं बोलायलाही माहिती लागते. मी म्हटलं, "सकाळी एक... म्हणजे दोन." मॅडम म्हणाल्या, "वैजयंताताई, नीट आठवा. मला नक्की हवंय. यावर पुढचं सगळं ठरणार आहे."

"ती खोटं बोलतीया, मॅडम."

वस्ताद माझ्या मागं उभे होते. आवाज तालमीतलाच, सगळ्या व्हरांड्याला ऐकू जाणारा.

"गोळी मी दिली. ताप यायच्या आदी पंधरवडा चालू केली. आदी दोन टायमाला येक येक, ताप आल्यापास्नं दोन दोन. आज दुपारीबी दिली. थंडाईत वाटून. त्या पोराला ठावं न्हाई." त्यांनी बंडीच्या आतल्या खिशातनं गोळ्यांची पट्टी काढून मॅडमच्या हातात ठेवली. मग पोरांकडं वळले. "आन् तुमीबी ऐका रं. गोळीचा कण न्हाई म्हनत आलो तुमास्नी. कण हुता. माझ्याच हातचा हुता."

बंडा कुंभारच्या हातातला कापूस खाली पडला, तो त्यानं उचललाच नाही.

मॅडमना ह्या सगळ्यात काय मोडलं ते कळलंच नाही, आणि ते बरं झालं. त्यांनी पट्टी उलटसुलट करून वाचली आणि म्हणाल्या, "काका, बसा. गोळी वाईट नाही. लाखो लोक घेतात, बरे होतात. तुम्हीही झालात. ह्याच्या रक्ताला सोसली नाही, असं दिसतंय. ह्या गोळीमुळंच झालं असं मी शपथेवर सांगणार नाही, पण बाकी काहीच सापडत नव्हतं, आणि तारखा बरोबर जुळताहेत. आत्तापासून बंद. आणि आज लगेच मी त्याला स्टिरॉइड सुरू करतेय."

व्हरांड्यातली सगळी डोकी एकदम वस्तादांकडं वळली.

"वस्ताद," बंडा दबक्या आवाजात म्हणाला, "स्टिरॉइड म्हनत्यात त्या."

"मला कान हायत."

मॅडम घाईघाईनं म्हणाल्या, "ते अंग कमवायचं नाही हो. हे वेगळं. ह्या पिसाळलेल्या पेशींना शांत करायला."

"कसलं का आसंना," वस्ताद म्हणाले. "द्या. लागंल तेवढं द्या. कुनी इचारलं तर सांगा, हिंदुराव चौगुलेनं उभं राहून द्याला लावलं."

आणि ते बाकावर बसले ते संध्याकाळपर्यंत तसेच. पहिली सलाइन लागली तेव्हा दाराच्या काचेतनं बघत उभे होते. त्यानंतर मात्र दवाखान्यात फिरकले नाहीत.

ताप लगेच नाही उतरला. मधे दोन-तीन दिवस असे गेले की ते मी कुणाला सांगत नाही. मग एका सकाळी मी आत गेले तर धैर्या उठून बसलेला आणि नर्सशी भांडत होता, उपमा एवढासाच का म्हणून. मी तिथंच भिंतीला धरून रडले. रक्ताचे आकडे सावकाश वर यायला लागले. मॅडम रोज हसून सांगायच्या, पंच परत आखाड्यात आलेत. औषधानं धैर्याचा चेहरा मात्र पुरणपोळीसारखा गोल झाला. आरशात बघून म्हणाला, "आक्का, शेवटी टोचलेला पैलवान झालोच की."

त्याला सगळं सांगायचं माझ्यावर आलं. घरी सोडायच्या आदल्या दिवशी सांगितलं. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं.

"कडू लागत हुतं," तो म्हणाला.

"काय?"

"थंडाई. पयल्या दिवसापास्नं. यवढी कडू की तोंड फिरायचं."

"मग बोलला का नाहीस? मॅडमनी तुलाही विचारलं होतं. काही घेतलंस का म्हणून. नाही म्हणालास."

"मी कुठं घेतलं? वस्तादांनी दिलं," तो म्हणाला. मग खाली बघत, "पेला संपस्तोवर ते उभं असायचं गं समोर. माझं तोंड बघत. वस्तादांना, ह्यात काय घातलंय, असं इचारायचं? तोंडातनं शब्दच येत न्हाई तसला."

म्हणजे वस्ताद पोरांच्या भीतीनं गप्प, आणि हा वस्तादांच्या मायेनं गप्प. आणि मधल्यामधे डॉक्टर बाई जंतू शोधताहेत. मी त्याला एक ठेवूनच दिली असती, पण प्लेटलेट अजून कमी होत्या.

बाहेर आल्यावर कळलं, वस्तादांनी तालमीत जाणं सोडलंय. किल्ली बंडाकडं पाठवून दिली होती. पोरं रोज जात होती, माती उकरत होती, पण मन लागत नव्हतं. त्यांच्याबद्दल वावगं बोललं मात्र कुणीच नव्हतं. वस्तादांना वाटलं होतं तालीम मोडेल. तालीम नुसती ओट्यावर बसून त्यांची वाट बघत होती.

अंगात थोडी ताकद आली तसा धैर्या म्हणाला, "चल आक्का." आम्ही वस्तादांच्या घरी गेलो. मागनं हळूहळू सगळी पोरं आली आणि अंगण भरलं. वस्ताद बाहेर आले. दाढी वाढलेली. धैर्याकडं बघितलं आणि पुन्हा तेच, नजर रस्त्याकडं.

"वस्ताद, थंडाई करा," धैर्या म्हणाला.

"माझ्या हातची पिऊ नगंस आता."

"मॅडमना इचारून आलोय. दूध चालतंय, बदाम चालतंय."

"बंडा करील."

"बंडाची कुत्रंबी पीत न्हाई."

"खरं हाय," बंडा म्हणाला.

शेवटी वस्ताद आत गेले. आम्ही पाट्यावर बदाम वाटल्याचा आवाज ऐकत बसलो. बऱ्याच वेळानं पेला घेऊन आले आणि धैर्याच्या हातात दिला. धैर्यानं सवयीनं तो थेट तोंडाला लावला. तेवढ्यात वस्तादांनी त्याचं मनगट धरलं.

"आदी इचार."

"काय?"

"काय घातलंय ते इचार."

धैर्याचा तो गोल चेहरा लालबुंद झाला. लहानपणापासनं त्यानं वस्तादांचा मार खाल्ला होता, पाय दाबले होते, पण उलट प्रश्न एकही केला नव्हता. त्यानं माझ्याकडं बघितलं, पोरांकडं बघितलं. वस्ताद मनगट सोडेनात.

"काय..." त्यानं पेला तोंडापासनं खाली घेतला. "काय घातलंय, वस्ताद?"

वस्तादांनी नजर वर केली आणि या खेपेला ती कुठं दुसरीकडं वळली नाही.

"दूध," ते म्हणाले. "बदाम. खसखस. बडीशेप. चार वेलदोडं. साकर."

"आनि?"

"आनि काय न्हाई, लेकरा."

मग त्यांनी हात सोडला आणि धैर्यानं पेला एका दमात रिकामा केला.